आतला थर ओळखा: शिवणकाम आणि क्विल्टसाठी इंटरफेसिंग कसं निवडायचं

एक जुना शर्ट मी मुद्दाम जपून ठेवला आहे. कापड चांगलं, बेतणं नीट, कॉलरची दोन्ही टोकं सारखी. पण पहिल्याच धुण्यानंतर कॉलरवर बारीक फुगे आले. इस्त्री फिरवली की दबायचे, थंड झालं की पुन्हा वर यायचे. शेवटी कॉलर उसवून आत पाहिलं. मधोमध इंटरफेसिंग, म्हणजे कापडाला आधार देणारा आतला थर, घट्ट चिकटलेलं होतं. टोकांकडे मात्र ते कापडापासून सहज सुटून आलं आणि त्याच्या पाठीवरचे डिंकाचे ठिपके जसेच्या तसे गोल, उंच उभे होते. तिथे डिंक पुरता वितळलाच नव्हता. शिवाय कापड धुण्यात आटलं होतं आणि आतला थर आटला नव्हता. शिलाईत काहीच चुकलं नव्हतं, चुकलं होतं ते डोळ्यांना न दिसणाऱ्या थराशी.

इंटरफेसिंग बहुतेक जण सगळ्यात शेवटी, घाईने निवडतात. कापडावर तासभर विचार करायचा आणि आतल्या थरासाठी ‘मीडियम द्या’ म्हणून मोकळं व्हायचं. पण ‘लाइट’, ‘मीडियम’, ‘हेवी’ हे शब्द प्रत्येक कंपनीचे आपापले असतात. एकाचं मीडियम दुसऱ्याच्या लाइटपेक्षाही मऊ निघू शकतं. शिवाय तेच इंटरफेसिंग मलमलीवर पुठ्ठ्यासारखं होतं आणि डेनिमवर लावल्याचं कळतही नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की इंटरफेसिंग एकट्याने निवडता येत नाही. ते त्या कापडाबरोबर, चिकटवलेला तुकडा हातात घेऊनच निवडायचं असतं.

आधी शब्दांचा गुंता सोडवू

बोलताना आपण फ्युजिंग, पेस्टिंग, बकरम, कॅनव्हास हे शब्द एकमेकांच्या जागी वापरतो आणि मग भलतीच वस्तू हातात येते. इंटरफेसिंग म्हणजे वरचं कापड आणि आतली पट्टी किंवा अस्तर यांच्या मधला, आकार धरून ठेवणारा थर. त्यातलं जे इस्त्रीच्या उष्णतेने चिकटतं ते फ्युजिंग, त्यालाच पेस्टिंगही म्हणतात. जे चिकटत नाही, शिलाईत धरूनच बसवावं लागतं, ते शिवायचं इंटरफेसिंग. बकरम म्हणजे खळ देऊन कडक केलेलं, विरळ विणीचं कापड. टोपी, पट्टे, पडद्यांच्या चुण्या अशा ताठ कामांचं. कॅनव्हास हा शब्द कॉलरच्या कडक थरालाही वापरतात, पण कोटाच्या छातीत जातं ते केसांचं कॅनव्हास वेगळं. त्यात लोकर किंवा सुताबरोबर प्राण्यांचे केस विणलेले असतात, म्हणून ते दाबलं तरी परत उसळतं.

अस्तर आतली बाजू झाकतं. बॅटिंग, म्हणजे क्विल्टच्या मधला मऊ थर, फुगीरपणा आणि ऊब देतं. भरतकामाखाली लावायचा स्टॅबिलायझर टाके घालेपर्यंत कापड ताणून धरतो आणि पुष्कळदा नंतर फाडून, कापून किंवा धुऊन काढून टाकला जातो. इंटरफेसिंग मात्र त्या वस्तूत कायम राहतं, तिच्याबरोबर धुतलं जातं, तिच्याबरोबर वाकतं. त्यामुळे निवड चुकली तर त्रासही कायमचा राहतो.

पहिली पायरी: कापडाकडून काय हवंय ते ठरवा

दुकानात जाण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा. इथे कापडाने काय करायला हवं, जे ते एकटं करत नाही?

काजाच्या पट्टीवर उत्तर असतं, ‘काज ओढताना कापड ताणलं जाऊ नये.’ कॉलरीवर, ‘टोक उभं राहावं, पण मानेला टोचू नये.’ व्ही गळ्यावर, ‘उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, कड सैल होऊन लोंबू नये.’ पिशवीच्या तळाला, ‘वजन पडलं तरी झोळी होऊ नये.’ टी-शर्टांच्या क्विल्टमध्ये, ‘होजिअरीचं कापड शिवताना पळू नये.’ ही पाच उत्तरं पाच वेगळ्या इंटरफेसिंगकडे नेतात. ‘ताणू नये’ एवढंच हवं असेल तर अगदी पातळ थर पुरतो. तिथे जाड लावलं तर कापडाचं पडणं मरतं. ‘उभं राहावं’ असेल तर ताठपणा हवा. ‘भरीव दिसावं’ असेल तर ताठपणा नको, फुगीरपणा हवा, आणि त्यासाठी फ्यूजिबल फ्लीस, म्हणजे इस्त्रीने चिकटणारा जाड, मऊ थर, किंवा फोमकडे वळावं लागतं. ताठपणा आणि जाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फ्लीस जाड असूनही मऊ असतं, तर कागदाएवढं पातळ इंटरफेसिंगही कडक असू शकतं.

दुसरी पायरी: बनावट बघा

न विणलेलं इंटरफेसिंग सगळ्यात जास्त दिसतं. त्यात धागे विणलेले नसतात, तंतू एकत्र दाबून कागदासारखा ताव केलेला असतो. उभा-आडवा धागा नसल्याने बरेचसे प्रकार कसेही बेतता येतात, कडा उसवत नाहीत. पण ते कापडासारखं वळत नाही, मधेच मोडल्यासारखं दुमडतं. काही प्रकार एका दिशेने थोडे ताणले जातात. हातात धरून दोन्ही बाजूंनी ओढून बघा आणि काजाची लांबी न ताणल्या जाणाऱ्या दिशेने येईल असं ठेवा.

विणलेलं इंटरफेसिंग, विशेषतः सुती, हे माझं आवडतं. ते कापडासारखंच वागतं, कारण ते कापडच आहे. एकच पथ्य पाळायचं: त्याचा उभा धागा वरच्या कापडाच्या उभ्या धाग्याशी जुळला पाहिजे. तो जुळला नाही तर दोन थर दोन दिशांना ओढतात आणि शिवलेला भाग पिळवटतो. उलट, गोलाईत वळायला हवा असलेला भाग, उदाहरणार्थ कोटाची खालची कॉलर, मुद्दाम उरेब बेतला तर छान वळतो.

तिसरा प्रकार विणकामासारख्या फासांचा, ट्रायको. तो आडव्या बाजूने ताणतो, उभ्या बाजूने फारसा ताणत नाही. होजिअरीसाठी, सुळसुळीत क्रेपसाठी, जिथे पडणं टिकवायचं तिथे हाच घ्यावा.

डिंक कुठल्या बाजूला आहे ते उजेडात तिरकं धरलं की दिसतं. ठिपके चकाकतात किंवा बोटाला खरखरीत लागतात. काही पातळ प्रकारांत डोळ्याला अजिबात कळत नाही. तेव्हा कोपऱ्याचा बारीक तुकडा दोन चिंध्यांमध्ये ठेवून इस्त्री टेकवायची. ज्या चिंधीला तो चिकटला ती डिंकाची बाजू. एवढा अर्धा मिनिट घालवला की इस्त्रीचा तळ वाचतो.

चिकटवायचं की शिवायचं?

फ्युजिंग सोपं आहे, पण सगळ्या कापडांना ते मानवत नाही. मखमलीवर इस्त्रीचा दाब पडला की लव बसते. मुद्दाम चुरगळलेल्या पोताचं कापड सपाट होतं. टिकल्या, जरतार, जाळी, लेस यांवर डिंक आरपार दिसतो किंवा उष्णतेने कापडच बिघडतं. पाणी न झिरपणारा लेप दिलेली कापडं आणि कृत्रिम चामडं यांवर तर डिंक वितळण्याएवढी उष्णता पुष्कळदा देताच येत नाही. अशा वेळी शिवायचं इंटरफेसिंग घ्या. पारदर्शक कापडाला त्याच रंगाची रेशमी ऑर्गेंझा हा फार सुंदर उपाय आहे. ती जवळपास दिसत नाही आणि ताठ मात्र असते. हलक्या सुती कपड्यांना त्याच कापडाचा आणखी एक थर किंवा धुतलेलं मलमलही पुरतं. मऊपणा राखायचा असेल तिथे मी पुष्कळदा हेच करते.

शिवायचा थर बसवताना तो कापडाच्या उलट्या बाजूला सपाट ठेवून, शिलाईच्या रेषेच्या किंचित बाहेर, म्हणजे शिलाईबाहेर सोडलेलं मार्जिन दीड सेंटिमीटर असेल तर कडेपासून साधारण १.२ सेंटिमीटरवर, कच्चा टाका घाला. मग मुख्य शिलाई झाली की मार्जिनमधलं इंटरफेसिंग शिलाईच्या अगदी जवळून छाटून टाका. शिवणीत जेवढे कमी थर उरतील तेवढं टोक नीट उलटतं.

तिसरी पायरी: वजनाचा नियम आणि त्याचे अपवाद

कपड्यांसाठी जुना नियम बरोबर आहे: इंटरफेसिंग वरच्या कापडाएवढं किंवा त्याहून हलकं असावं. चिकटवल्यावर डिंक आणि थर मिळून कापड आपोआप थोडं कडक होतं, म्हणून हातात सुटं धरल्यावर जे ‘थोडं कमी पडतंय’ असं वाटतं, तेच बहुतेकदा चिकटल्यावर बरोबर बसतं. न विणलेल्या प्रकारांवर चौरस मीटरमागे ग्रॅम लिहिलेले असतील तर २० ते ३० च्या आसपासचे हलके, ५० च्या आसपासचे मध्यम आणि ८० च्या पुढचे जाड असं ढोबळ मनात धरा. पण ग्रॅम म्हणजे कडकपणा नव्हे. तेवढ्याच वजनाचा एक थर मऊ असतो, तर दुसरा कडकड वाजतो.

नियम मोडायचा तो पिशव्या, टोप्या, पट्टे आणि पर्सच्या झाकणांवर. तिथे वरचं कापड म्हणजे फक्त कातडी असते, सांगाडा इंटरफेसिंगचाच. तरीही एक जाड थर लावण्याऐवजी मी दोन हलके थर लावणं पसंत करते. पहिला थर मार्जिनसकट, दुसरा मार्जिन सोडून. त्यामुळे शिवणीत जाडी येत नाही आणि हवा तिथेच, म्हणजे कॉलरीच्या टोकाला किंवा झाकणाच्या मधोमध, जास्त ताठपणा देता येतो.

रंगही बघायचा. गडद कापडाला काळं किंवा राखाडी. पांढऱ्या पातळ कापडाखाली पांढरं इंटरफेसिंग उठून दिसतं, तिथे अंगाच्या रंगाजवळचं जास्त लपतं.

चौथी पायरी: चाचणीचा तुकडा

इथेच खरी निवड होते, म्हणून इथे वेळ काढा. मी प्रत्येक नव्या कापडासाठी साधारण १५ सेंटिमीटरचा चौकोन कापते आणि त्याच्या अर्ध्या भागावरच इंटरफेसिंग चिकटवते. दोन-तीन प्रकारांत मन अडकलं असेल तर तेवढे चौकोन करते. अर्ध्या भागावरच लावण्याचं कारण असं की लावलेली आणि न लावलेली बाजू शेजारी शेजारी दिसते.

चौकोन पूर्ण थंड होऊ द्यायचा. मग सुलट बाजूने उजेडात बघायचं. जिथे इंटरफेसिंग संपतं तिथे पुढून रेघ दिसते का? दिसत असेल तर ते त्या कापडाला जाड होतंय, किंवा त्याची कड दात्यांच्या कात्रीने कापायला हवी. कापडावर डिंकाचे गडद ठिपके उमटले का? उमटले असतील तर डिंक आरपार आला आहे. कापड पातळ आहे किंवा उष्णता जास्त झाली. मग चौकोन बोटावर घडी घालून सोडायचा. कॉलरीसाठी तो गोल वळून परत उभा राहायला हवा. वळताना मधेच तीक्ष्ण मोड पडला तर तो थर त्या जागी चालणार नाही. गळ्याच्या पट्टीसाठी तो जवळपास कापडासारखाच पडायला हवा.

आता मुठीत चुरगळा, दहापर्यंत मोजा, सोडा आणि मोड राहतात का ते बघा. शेवटी कोपऱ्यातून नखाने थर उचलायचा प्रयत्न करा. सहज सुटला तर चिकटणं अपुरं आहे. धुवायच्या वस्तूचा तुकडा असेल तर तो त्या वस्तूसारखाच धुऊन वाळवा आणि मगच निर्णय घ्या. माझ्या त्या कॉलरीचा दोष अशा एका धुतलेल्या चौकोनात आधीच दिसला असता.

जमलेला चौकोन फेकू नका. कापडाचं नाव, इंटरफेसिंगचं नाव, इस्त्रीची खूण आणि सेकंद लिहून वहीत टाचून ठेवा. पुढच्या वेळी दुकानात ती वहीच नेता येते.

पाचवी पायरी: चिकटवणं

आधी कापड धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या, आणि त्या धुण्यात कापड मऊ करणारं द्रावण घालू नका. त्याचा थर डिंकाला आड येतो. विणलेलं सुती फ्युजिंगही आटतं. ते मशिनमध्ये टाकायचं नाही. कोमट पाण्याच्या टबात सैल घडीने पाणी गार होईपर्यंत बुडवून ठेवायचं, न पिळता उचलायचं, पाणी निथळू द्यायचं आणि दांडीवर सपाट वाळवायचं. न विणलेल्याला बहुतेकदा याची गरज नसते.

छोटे तुकडे असतील तर मी आधी कापडाचा मोठा तुकडा पूर्ण चिकटवून घेते आणि मगच त्यावर बेतते. सुटे भाग चिकटवताना कापड थोडं आकसतं आणि डावी-उजवी कॉलर एकमेकींशी जुळेनाशी होते.

मग क्रमाने असं करा:

१. कापड उलट्या बाजूने वर, सपाट, कडक आणि मऊ यांच्या मधल्या पृष्ठभागावर पसरा. फार गुबगुबीत बोर्डवर दाब खाली जिरतो. नुसत्या इस्त्रीने कापड आधी गरम करून घ्या, दोरे-केस उचला.

२. इंटरफेसिंग डिंकाची बाजू खाली करून ठेवा. कापडाच्या बाहेर आलेलं टोक छाटा, नाहीतर ते बोर्डला चिकटेल.

३. इस्त्रीची खूण पाकिटावर सांगितली असेल तीच. इस्त्रीवरच्या आंतरराष्ट्रीय खुणांत एक ठिपका म्हणजे साधारण ११०, दोन म्हणजे १५० आणि तीन म्हणजे २०० अंश सेल्सिअस. सुती विणलेल्या फ्युजिंगला पुष्कळदा जास्त उष्णता आणि वाफ लागते. पातळ न विणलेल्याला दोन ठिपके पुरतात. त्याहून तापवलं तर पॉलिएस्टरचा ताव आकसून सुरकुततो.

४. वर ओलसर पातळ सुती फडका ठेवा, पाकिटावर वाफ नको असं लिहिलं असेल तर कोरडा. इस्त्री ठेवा, दाबा, जागची हलवू नका. पाकिटावर वेगळं नसेल तर १० ते १५ सेकंद. मग इस्त्री पूर्ण उचला आणि आधीच्या जागेवर थोडी चढवून पुढे ठेवा.

५. पूर्ण थंड होईपर्यंत हात लावू नका. मग सुलट बाजूने, पुन्हा फडका घालून, एकदा दाबा.

या यादीतल्या चौथ्या क्रमांकावर, इस्त्री दाबतानाच, सगळं बिघडतं. आपल्या हाताला इस्त्री सरकवायची सवय असते आणि सरकवली की वितळलेला डिंक कापडाबरोबर ओढला जातो, थर वाकडा बसतो, कडेला वेळ कमी मिळतो. उष्णता, दाब आणि वेळ या तिन्ही गोष्टी एका जागी एकत्र मिळाल्या तरच डिंक वितळून धाग्यांत उतरतो. एक कमी पडली तर दुसरी वाढवून भरून निघत नाही. आणि थंड होताना तो घट्ट होतो, म्हणून गरम असताना उचललेला तुकडा जसा वाकला तसाच राहतो.

कपड्यांत कुठे काय

शर्टाच्या कॉलरीला वरच्या भागावर थर लावला तर शिवणीच्या मार्जिनची छाप पुढून उमटत नाही. फार पातळ कापडात मी दोन्ही भागांना अगदी हलका लावते. कॉलरीच्या टोकांवरचं इंटरफेसिंग तिरकं छाटून टाकलं की टोक टोकदार उलटतं. कफला कॉलरीएवढा ताठपणा नको. काजपट्टीला मात्र विणलेला थर द्या, आणि तो घडीच्या रेषेच्या थोडा पलीकडे न्या, म्हणजे घडीवर कड दिसत नाही.

कमरपट्टीसाठी मधोमध छिद्रांची रेघ असलेल्या तयार पट्ट्या मिळतात. घडी आपोआप सरळ पडते. बसल्यावर पट्टी गुंडाळली जाते अशी तक्रार असेल तर रुंदीत न मोडणारी, जरा कडक पट्टी घ्या.

होजिअरीत चेन बसवायची असेल किंवा खिसा कापायचा असेल तर तेवढ्याच जागी अडीच सेंटिमीटर रुंद पट्टी चिकटवा. खांद्याच्या शिवणीला आणि व्ही गळ्याच्या उरेब कडेला एक सेंटिमीटरची अरुंद फ्युजिंग पट्टी लावली तर कपडा महिनोन्महिने टांगून ठेवला तरी ताणत नाही. हे काम दहा मिनिटांचं आहे आणि बहुतेक जण ते टाळतात.

क्विल्टमध्ये

साध्या सुती तुकड्यांच्या क्विल्टला इंटरफेसिंग लागतच नाही. लावलं तर तो अंगावर घ्यायचा राहत नाही, भिंतीवर लावायचा होतो. लागतं ते तिथे, जिथे तुकडा स्वतःचा आकार धरत नाही.

टी-शर्टांचा क्विल्ट हे त्यातलं सगळ्यात नेहमीचं काम. शर्टाचा पुढचा भाग हव्या मापापेक्षा चारी बाजूंनी चार-पाच सेंटिमीटर मोठा कापा. उलट्या बाजूला हलकं फ्युजिंग लावा आणि मगच फूटपट्टीने नेमका चौकोन करा. आधी चौकोन कापला तर कडा गुंडाळल्या जातात आणि माप हाती लागत नाही. छापील चित्रावर इस्त्री थेट टेकवू नका, ते वितळतं. खाली बेकिंग पेपर घाला. शर्ट आडवा ताणतो, म्हणून ट्रायको वापरत असाल तर त्याची ताणणारी दिशा उभी ठेवा. एकमेकांच्या आड येऊन दोन्ही स्थिर होतात, आणि क्विल्ट मऊही राहतो. जाड न विणलेला थर इथे घेऊ नका. वीस शर्टांचं वजन एकत्र झालं की तो क्विल्ट उचलवत नाही.

जुन्या रेशमी कापडांचे, गळपट्ट्यांचे तुकडे जोडताना आधी कोपऱ्यावर चाचणी करून सगळ्यात पातळ विणलेला किंवा ट्रायकोचा थर कमी उष्णतेवर लावा. उरेब कापलेला रेशीम तुकडा त्याशिवाय मशिनखाली लांबतो.

अ‍ॅप्लिकसाठी, म्हणजे एका कापडावर दुसऱ्या कापडाचे आकार बसवायच्या कामासाठी, इंटरफेसिंगची एक युक्ती मला फार आवडते. फुलाच्या किंवा पानाच्या आकाराच्या कापडाची सुलट बाजू आणि हलक्या फ्युजिंगची डिंकाची बाजू समोरासमोर ठेवायची आणि आखलेल्या रेषेवर बारीक टाक्याने संपूर्ण गोल शिवायचं. मार्जिन तीन मिलिमीटर ठेवून छाटायचं, गोलाईवर चिरा द्यायच्या. मग फक्त इंटरफेसिंगला मधोमध चीर देऊन आकार उलटवायचा. कडा आपोआप आत दुमडलेल्या, आणि डिंक आता पाठीमागे बाहेरच्या बाजूला. पायाच्या कापडावर ठेवून दाबलं की चिकटलं. कडेने शिवायचं फक्त उरतं. फ्यूजिबल वेब, म्हणजे कागदावर येणारा नुसता डिंकाचा थर, हे वेगळं. ते दोन कापडं एकमेकांना चिकटवतं, आधार देत नाही. दोन्हींत गल्लत होते ती इथेच.

बारीक चौकोनांच्या कामाला आखीव चौकटींचं फ्युजिंग मिळतं. चौकोन चौकटीत मांडून चिकटवायचे, ओळ दुमडून पाव इंचावर सरळ शिलाई. मग आडव्या ओळी शिवण्याआधी शिवणी जिथे एकमेकींना भेटतात तिथे इंटरफेसिंगला चीर द्यायची, म्हणजे शेजारच्या शिवणी उलटसुलट दाबता येतात.

पिशव्या

क्विल्टच्या सुती कापडाची पिशवी शिवताना आधी त्या कापडाला विणलेलं सुती फ्युजिंग लावा, पेलॉन या कंपनीच्या एसएफ १०१ सारखं. मग त्यावर फ्लीस किंवा फोम. पहिला थर वगळला तर फ्लीसवर कापड सुरकुततं आणि पिशवी काही दिवसांत जुनी दिसते. तळासाठी पुठ्ठ्यासारखा अतिजाड ताव लागतो. तो मार्जिनमध्ये अजिबात नको, उलट शिलाईच्या रेषेपासून दोन-तीन मिलिमीटर आतच थांबायला हवा, नाहीतर पिशवी उलटवताना मोडतो. फोम मार्जिनसकट शिवला असेल तर शिलाईनंतर मार्जिनमधला फोम छाटून टाका. झाकणाला चुंबकी बटण लावणार असाल तर बटणामागे कडक इंटरफेसिंगचा पाच सेंटिमीटरचा चौकोन हवाच. नुसत्या कापडातून ते रोजच्या उघडझापीने फाडून बाहेर येतं.

फ्लीसचा तुकडा अपुरा पडला तर दोन तुकडे एकावर एक चढवू नका. कडेला कड भिडवून रुंद झिगझॅग मारा; उंचवटा येत नाही.

बिघडलं तर

फुगे आले असतील तर आधी कारण बघा. शिवायच्या आधीच आले असतील तर उष्णता किंवा वेळ कमी पडली. ओलसर फडका घालून पुन्हा दाबा. धुतल्यावर आले आणि कापडही आकसलेलं दिसत असेल तर ते दाबून जाणार नाहीत, थर बदलावा लागेल. थर काढताना इस्त्री टेकवा आणि डिंक गरम, मऊ असतानाच कोपऱ्यातून हळू सोला. थंड झाल्यावर ओढलं तर धागे निघतात. मागे राहिलेला डिंक कापडावर चकाकतो. त्यावर निकामी सुती चिंधी ठेवून गरम इस्त्री दाबा आणि चिंधी लगेच उचला. दर वेळी थोडा डिंक चिंधीवर येतो. नवा थर त्याच डिंकावर लावायचा असेल तर शेवटचा अंश राहिला तरी चालतो.

इस्त्रीच्या तळाला डिंक लागला असेल तर पुढच्या कापडाला हात लावण्याआधीच तो काढा. इस्त्री तापवून जुन्या जाड सुती कापडावर, त्यात थोडं मीठ पसरून, हलके फिरवली तर बराचसा निघतो. तळावर लेप असलेल्या इस्त्रीला मात्र मीठ लावू नका, तिथे नुसतं ओलसर कापडच वापरा.